जिल्ह्यातल्या पक्षीसंस्था स्थलांतरित पक्ष्यांसाठी एकत्र का येत नाहीत, आणि त्यांना आणायचं कसं?

का येत नाहीत, ते आधी सांगतो. प्रत्येकाला बातमीत आपलंच नाव हवं असतं. कडू वाटेल, पण जळगाव जिल्ह्यातल्या हतनूर धरणाच्या फुगवट्यावर कैक हिवाळे काढून माझं हेच मत झालंय.

आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते. ती सगळीकडे ठरलेल्या दिवसांतच करतात, कारण एका काठावरून उठलेला थवा दुसऱ्या काठावर जाऊन बसतो. आमच्याकडे एका वर्षी एका गटाने काठावरच्या चांगदेव गावाकडून मोजलं, दुसऱ्याने पुढच्या रविवारी मेहूण गावाकडून. दोन पेपरांत दोन आकडे आले. तेच चक्रवाक दोनदा मोजले गेले असणार, पण बोलायचं कोणी?

त्याच हिवाळ्यात मेहूणच्या बाजूला एक थापट्या, म्हणजे रुंद चोचीचं बदक, तंगूसच्या (बारीक नायलॉन दोऱ्याच्या) जाळ्यात अडकलेला दिसला. जाळं ज्यांचं होतं ते भोई काका होडी वल्हवत आले. आधी त्यांनी पक्ष्याच्या डोक्यावर रुमाल टाकला, पंख मिटून छातीशी धरले, मग पाय मोकळे केले. मानेभोवतीचा धागा सुटेना, तेव्हा ब्लेडने जाळंच कापलं. म्हणाले, "जायं तुटलं तं तुटलं." थापट्या पाण्यावर थोडा फडफडला आणि उडून गेला.

संध्याकाळच्या बैठकीत एका गटाच्या पदाधिकाऱ्याने ठराव मांडला: मच्छीमार पक्षी मारतात, तक्रार करा. मी उभा राहून सकाळचं सगळं सांगितलं. त्यावर ते म्हणाले, "तुम्ही भावनेच्या भरात बोलताय." तेव्हापासून आमचं बोलणं बंद आहे. माझं म्हणणं आजही तेच आहे. काकांनीच मला सांगितलं होतं की बदकं रात्री उथळ, गवताळ काठावर चरायला येतात आणि आदल्या संध्याकाळी तिथे लावलेल्या जाळ्यात अडकतात. हिवाळ्यापुरता तेवढा पट्टा सोडायला ते तयार होते. त्यांना कोणी विचारलंच नव्हतं!

नागालँडचं बघा. २०१२ मध्ये दोयांग जलाशयावर अमूर ससाणे हे स्थलांतरित शिकारी पक्षी मासेमारीच्याच जाळ्यांनी हजारोंनी पकडले जात होते. बाहेरच्या आणि स्थानिक संस्था, वनखातं, चर्च आणि पांगती गावचे लोक एकत्र बसले, आणि २०१३ च्या हंगामात तिथली शिकार थांबली. गाव सोबत नसतं तर नुसत्या तक्रारींनी हे झालं नसतं.

म्हणून तुम्हाला सांगतो, मोठा महासंघ वगैरे काढू नका, अध्यक्ष कोण यावरच तो मोडतो. गणनेचा एकच दिवस, एकच तक्ता, काठ वाटून घ्यायचे, आणि आकडा सगळ्या गटांच्या नावाने जाहीर करायचा. पहिल्या बैठकीला भोई आणि गाळपेर करणारे, म्हणजे पाणी ओसरलेल्या गाळाच्या जमिनीत पेरणारे, शेतकरी हवेतच. ज्या गटाला हे पटत नाही त्याच्यासाठी थांबू नका.

एक राहिलं. सगळेच मच्छीमार त्या काकांसारखे नसतात, मुद्दाम फास लावणारेही आहेत, तिथे वनखात्याला कळवावंच लागतं. आणि अडकलेला पक्षी स्वतः ओढून काढू नका, पाय मोडतो. एकाच जागी बरेच पक्षी मेलेले दिसले तर हात न लावता पशुसंवर्धन खात्याला फोन करा.