ब्लॉकचेनमुळे पेशंटच्या हातात त्याचे मेडिकल रेकॉर्ड खरंच येतील का?

ब्लॉकचेन म्हणजे अनेक कॉम्प्युटरवर एकत्र ठेवलेली नोंदींची साखळी. या साखळीत नोंदवलेलं कुणी गुपचूप बदलू शकत नाही, हे मान्य. पण आधी रेकॉर्ड हातात तर पडू दे!

सासऱ्यांची अँजिओग्राफी अंधेरीच्या एका खासगी हॉस्पिटलात झाली. स्टेंट टाकायला सांगितले. परळला दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायचं म्हणून सीडी मागितली. रेकॉर्डची खिडकी म्हणाली, डॉक्टरांची सही आणा. डॉक्टर ओटीत. सही आणली तर, बिल क्लिअर आहे का? मग अर्ज लिहा. सासूबाई जिन्यात बसून. शेवटी मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांची प्रिंट खिडकीत सरकवली: पेशंटने मागितल्यावर ७२ तासांत कागद द्यायचे. खिडकीतल्या बाईंनी आत फोन केला, संध्याकाळी सीडी हातात. वर मलाच, ‘आधीच दाखवायचं ना!’

यात ब्लॉकचेन काय करणार होती?

ब्लॉकचेन म्हटलं की युरोपातल्या एस्टोनिया देशाचं उदाहरण सगळे देतात. तिथेही रिपोर्ट साखळीवर नसतात. नोंदींशी छेडछाड झाली तर कळावं, एवढ्यासाठी ते तंत्र. आपल्या १४ आकडी आभामध्येही, म्हणजे सरकारी हेल्थ आयडीमध्येही, रेकॉर्ड हॉस्पिटलाकडेच राहतात, तुम्ही फोनवरून संमती देता. त्याला ब्लॉकचेन लागत नाही. हॉस्पिटल जोडलेलंच नसेल तर मात्र ॲप रिकामं.

धाकटा दीर आयटीत, पुण्याला. दर गणपतीत त्याचं सुरू: ‘वहिनी, ती रिपोर्टची पिशवी फेका, सगळं चेनवर येणार.’ अरे, तुझे बाबा आयसीयूत बेशुद्ध असताना प्रायव्हेट की, म्हणजे रेकॉर्ड उघडायची गुप्त डिजिटल किल्ली, कुणाकडे? ती हरवली तर ओटीपी मागवून नवी मिळते का? आणि लॅबने रक्तगट चुकीचा टाकला तर दुरुस्ती पुढे जोडता येईल, पण चुकीची नोंद साखळीतून पुसता येणार नाही. आपला २०२३ चा वैयक्तिक डेटाचा कायदा दुरुस्तीचा आणि खोडण्याचा हक्क देतो, तो तिथे कसा बसवणार? यावर तो मोदक घेतो.

अगदीच थोतांड म्हणत नाही मी. विम्याचे क्लेम, औषधांच्या चाचण्या, जिथे एकमेकांवर भरवसा नसलेल्या अनेक पार्ट्या असतात, तिथे उपयोग असेल. तुम्ही मात्र डिस्चार्जच्या आधीच लेखी अर्ज द्या, पोच घ्या, आणि छापील फोटोंवर भागवू नका, सीडीच मागा.

दिराने स्वतःचं आभा अजून काढलेलं नाही.