‘समजलं का?’ विचारणं आधी बंद करा

दुसऱ्या भाषेतल्या माणसाला काही समजावून कसं सांगायचं, यावर सारखे तेच प्रश्न येतायत, म्हणून एकदाच बसून उत्तरं देते.

प्रश्न: दुसऱ्या भाषेतल्या माणसाला सूचना तोंडी द्यावी की लेखी?
दोन्ही. आधी बोला, मग कागद हातात द्या.

प्रश्न: नवीन सहकारी मराठी फाडफाड बोलतो, पण लिहून दिलेलं काम अर्धवट करतो. आळस?
आळसच असेल असं धरून चालू नका. नुसतं ऐकून शिकलेली भाषा वाचता येईलच असं नाही. हिंदी येतं म्हणजे देवनागरी येते म्हणजे मराठी वाचता येतं, ही ऐकीव गोष्ट सोडा, ‘शिक्षा’ हिंदीत शिक्षण आणि आपल्याकडे दंड! बाजूला घेऊन त्यालाच विचारा, चारचौघात नको.

प्रश्न: मी मोठ्याने सांगते तरी चुकतात.
मोठ्याने कशाला, ते बहिरे नाहीत. वाक्यं छोटी करा, पंखा-टीव्ही बंद करा.

प्रश्न: शेवटी ‘समजलं का?’ विचारलं की ‘हो’ म्हणतात, आणि नंतर घोळ.
हे मी किती वर्षं सांगतेय! त्या ‘हो’चा अर्थ ‘समजलं’ नसतो, बऱ्याचदा ‘आता सोडा मला’ असा असतो. बोललेलं हवेत विरतं, माणूस पहिलं वाक्य मनात आपल्या भाषेत फिरवत असतो तोवर तुमचं तिसरं संपलेलं असतं, आणि पुन्हा विचारायची लाज वाटते ती वेगळीच. त्यातून आपली मराठी म्हणजे, ‘परवा’ मागचा पण आणि पुढचा पण, ‘दीड’, ‘अडीच’ नव्याला कळत नाहीत, एकोणसाठ-एकोणसत्तरमध्ये तर आपलीच मुलं अडकतात. म्हणून तारीख, वेळ, आकडा कायम लिहून. आणि ‘समजलं का’ऐवजी ‘मी नीट सांगितलं का बघायचंय, तुम्ही आता काय करणार ते सांगा’ असं म्हणा, म्हणजे परीक्षा तुमची होते, त्यांची नाही. चुकलं तर तेच वाक्य पुन्हा रेटू नका, वेगळ्या शब्दांत सांगा.

प्रश्न: ‘शंभर टक्के अचूक’ म्हणणाऱ्या ॲपने औषधाची चिठ्ठी भाषांतरित केली तर चालेल?
नाही. ती जाहिरात आहे. इंग्रजीत ‘वन्स’ (once) म्हणजे एकदा, तेच स्पेलिंग स्पॅनिशमध्ये अकरा, भाषांतरात तो शब्द तसाच राहिला तर गोळ्या मोजा. घरातल्या लहान मुलालाही दुभाषा करू नका. डॉक्टर किंवा फार्मासिस्टला विचारा, आणि आजच, चार दिवस अंदाजाने घेऊन मग नाही.