मार्साश्लॉकमध्ये घर बघताना आधी भिंत बघा

तुम्ही विचारलंय की माल्टात बिरझेब्बूजाच्या कंटेनर बंदरावर नोकरी ठरत आली आहे, तर शेजारच्या मार्साश्लॉकमध्ये राहावं का, आणि गाव फोटोत दिसतं तसं आहे का. आहे तसंच. फोटोत ओल तेवढी दिसत नाही.

मार्सा म्हणजे बंदर. श्लॉक म्हणजे आग्नेय दिशा आणि तिकडून येणारा वाराही. (माल्टी रोमन लिपीत लिहितात, पण त्यात एक्सचा उच्चार श. पाटीवर ‘मार्साक्सलोक’ वाचलंत तर बस सुटेल.) खाडीचं तोंड त्याच दिशेला आहे. श्लॉक सुटला की हवा जड होते, धुतलेले कपडे दोन दिवस वाळत नाहीत आणि कधी कधी सहारातली लालसर धूळ गाड्यांवर बसते. वायव्येच्या वाऱ्यापासून मात्र खाडीला आडोसा मिळतो.

आता दगड. माल्टा बेट चुनखडीच्या थरांवर थर बसून झालंय. या भागात वर दिसतो तो ग्लोबिजेरिना चुनखडी, सूक्ष्म सागरी जिवांच्या कवचांपासून झालेला मधाच्या रंगाचा दगड. स्थानिक नाव फ्रांका. खाणीतून काढताना करवतीने कापता येतो, उघड्यावर राहिला की वरची साल कडक होते. आपल्या जांभ्याची आठवण यावी असा, पण जांभ्यापेक्षा बारीक पोताचा आणि पाणी शोषणारा. जमिनीतलं पाणी भिंतीत चढतं, सोबत मीठ आणतं. पाणी उडून गेलं की मिठाचे स्फटिक फुगतात आणि दगडाचा भुगा पडू लागतो. समुद्रकाठच्या जुन्या घरांत खालचा मीटरभर भाग त्यामुळेच खाल्ला जातो. वरून सिमेंटचा गिलावा किंवा प्लास्टिक पेंट मारला तर ओल आत कोंडते आणि आणखी वर चढते. म्हणून घर बघायला पावसाळ्यात जा. तो इथे साधारण ऑक्टोबर ते फेब्रुवारी. कपाटामागे हात घाला, भिंतीला तळव्याने घासा. तळवा पांढरा झाला किंवा फक्त खालचाच पट्टा नव्याने रंगवलेला दिसला तर पुढचं घर बघा. हवेतली ओल शोषणारं यंत्र हिवाळ्यात लागतंच, त्याचं बिल धरून चाला.

विजेच्या बिलात एक खोच आहे. इथे ‘डोमेस्टिक’ दर महाग आणि ‘रेसिडेन्शियल’ स्वस्त. डोमेस्टिक म्हणजे घरगुती, म्हणजे कमीच असेल, असं समजू नका. स्वस्त दर आणि माणशी सवलत मिळायला घरात किती जण राहतात याची नोंद लागते. त्यासाठी फॉर्म एच भरून द्यावा लागतो, आणि काही मालक त्यात टाळाटाळ करतात. करारावर सही करतानाच तो भरून घ्या. भाडेकरार हाउसिंग ऑथॉरिटीकडे नोंदवणं 2020 पासून सक्तीचं आहे. एक वर्षाच्या करारात पहिले सहा महिने सोडता येत नाही. नंतर एक महिन्याची नोटीस, तीही रजिस्टर्ड पत्राने. व्हॉट्सअ‍ॅपवरची नोटीस चालत नाही.

खिडकीची दिशाही विचारा. डेलिमाराच्या, म्हणजे खाडीच्या पूर्वेकडच्या भूशिराच्या बाजूला वीजकेंद्र आहे आणि 2016 साली आणून नांगरलेलं द्रवरूप गॅसचं अवाढव्य जहाज. पलीकडे तुमच्याच बंदराचे दिवे रात्रभर जळतात. रात्रपाळी असेल तर परतीची बस आहे का, हे ॲडव्हान्स देण्याआधी बघा. गाडी डावीकडूनच चालवतात आणि सॉकेट तीन चौकोनी पिनांचे, ब्रिटिश पद्धतीचे.

ही खाडी आरमारांनाही आवडायची. मे 1565 मध्ये माल्टाच्या वेढ्यासाठी आलेल्या ऑटोमन (तुर्की) ताफ्याने इथेच नांगर टाकले. त्यातून शिकून नाइट्सनी, म्हणजे तेव्हा माल्टावर राज्य करणाऱ्या ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांनी, 1610 मध्ये सेंट ल्युशियन किल्ला सुरू केला, आणि 1614 च्या स्वारीत त्याच्या तोफांमुळे ऑटोमनांना दुसरीकडे उतरावं लागलं. 1798 ला फ्रेंच आले. डिसेंबर 1989 मध्ये बुश आणि गोर्बाचेव्ह इथे जहाजावर भेटले तेव्हा समुद्र इतका खवळला होता की चर्चेचं एक सत्र रद्द झालं. वर तास-सिल्जच्या टेकडीवर त्याहून फार जुनं काही आहे: प्रागैतिहासिक देऊळ, त्यावरच फिनिशियनांची देवी अस्तार्ते, मग रोमनांची देवी जुनो. हे देऊळ लुटल्याचा आरोप रोमन वक्ता सिसेरोने सिसिलीचा रोमन सुभेदार व्हेरेस याच्यावर ठेवला होता.

मासे खात असाल तर चंगळ आहे. मध्य ऑगस्टपासून वर्षअखेरपर्यंत लंपुकी, म्हणजे माही-माही. पाण्यावर तरंगते तराफे ताडाच्या झावळ्या लावून दगडाने नांगरतात. त्यांना कन्नित्साती म्हणतात. सावलीला मासे जमले की भोवती जाळं टाकायचं. मासेमारीच्या ज्या होड्यांवर डोळे रंगवलेले दिसतात, त्या लुत्सू. रविवारचा बाजार सकाळी आठच्या आत उरका, नंतर पर्यटकांची रेटारेटी आणि प्लास्टिकच्या आठवणवस्तूच जास्त. मासा समुद्रातला की पाळलेला, हे विचारायला लाजू नका. सी-बास बहुधा पाळलेलाच असतो. इंग्रजी सगळीकडे चालते, पण ‘केम?’ म्हणजे ‘केवढ्याला?’ असं विचारलं की विक्रेता तुमच्याकडे नीट बघतो.