बियांपासून लावलेल्या जांभळ्या कोनफ्लॉवरला वर्ष होत आलं तरी कळी नाही. काय चुकलं?

बहुधा काहीच नाही. बियांपासून केलेलं कोनफ्लॉवर साधारण दुसऱ्या वर्षी फुलतं. हे बहुवर्षायू रोप आहे, पहिलं वर्ष मुळं धरण्यात आणि जमिनीलगत खरखरीत पानांचा झुपका करण्यातच जातं. तोवर रोज किमान 6 तास ऊन द्या, पाणी साचू देऊ नका. एकदा रुजलं की थोडा कोरडेपणा ते सोसतं, पण चिखलात मुळाशी कुजतं. खताचा मोह तर आवराच! नत्र जास्त झालं की पानं माजतात, दांडे लुळे पडतात आणि फुलं रुसतात. दुसऱ्या हंगामातही कळी दिसली नाही, तर मात्र आधी सावलीवर संशय घ्या.