मृत्युकराचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थिनीस

प्रिय विद्यार्थिनीस,

अनेक आशीर्वाद.

अमेरिकेतील इस्टेट टॅक्स, म्हणजे मृताच्या मालमत्तेवरील कर, रद्द करण्याच्या प्रयत्नांवरील तुझ्या प्रबंधाचे पहिले प्रकरण मी दोनदा वाचले. भाषा स्वच्छ आहे आणि कष्ट दिसतात. मात्र सन २००० पासूनची सगळी विधेयके तू ‘संमत’ आणि ‘नामंजूर’ अशा दोन रकान्यांत घातली आहेस, आणि कर रद्द करू पाहणारे पंचवीस वर्षे हरत आले, असा निष्कर्ष काढला आहेस. तो मला पटत नाही.

आरंभ तू बरोबर सांगितला आहेस. १९१६ पासून चालत आलेला हा कर संपवणारे विधेयक २००० साली काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांनी संमत केले, राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी ऑगस्टअखेर नकाराधिकार वापरला आणि तो उलटवण्याइतकी मते प्रतिनिधीगृहात मिळाली नाहीत. २००१ च्या कायद्यापाशी मात्र तू फार लवकर पुढे गेलीस. तो कायदा अर्थसंकल्पाशी निगडित विधेयकांसाठी असलेल्या साध्या बहुमताच्या वाटेने आणला गेला. त्या वाटेवर सिनेटचा बर्ड नियम आडवा येतो; ठरलेल्या मुदतीपलीकडे तूट वाढवणाऱ्या तरतुदींना तो हरकत घेऊ देतो. म्हणून सूट-मर्यादा, म्हणजे जितक्या मालमत्तेवर कर लागत नाही ती रक्कम, २००९ पर्यंत पायरीपायरीने ३५ लाख डॉलरवर न्यायची, २०१० या एकाच वर्षी कर पूर्ण उठवायचा आणि २०११ च्या आरंभी जुना कायदा परत आणायचा, अशी विचित्र रचना झाली. टेक्सासचे अब्जाधीश डॅन डंकन आणि न्यूयॉर्क यांकीज संघाचे मालक जॉर्ज स्टाइनब्रेनर हे दोघे नेमके कर नसलेल्या २०१० मध्ये वारले. कोणत्या वर्षी मृत्यू आला यावर कर ठरावा, हे कोणत्याही बाजूने न्याय्य म्हणता येणार नाही.

२०१० पुरता उठवलेला कर कायमचा रद्द करण्याचे विधेयक प्रतिनिधीगृहाने २००५ मध्ये संमत केले. जून २००६ मध्ये सिनेटमध्ये ते मतदानाला आणण्यासाठी चर्चा थांबवण्याच्या ठरावाला ५७ मते पडली, हवी होती ६०. २०१५ चे विधेयक प्रतिनिधीगृहापलीकडे गेले नाही. २०१७ मध्ये प्रतिनिधीगृहाच्या मसुद्यात कराचे निरसन, म्हणजे तो रद्द करणे, होते, अंतिम कायद्यात ते राहिले नाही. तुझा ‘नामंजूर’ रकाना इथवर भरतो. पण त्याच काळात सूट-मर्यादा कुठून कुठे गेली ते पाहा: २००१ मध्ये ६,७५,००० डॉलर, २०११ मध्ये ५० लाख, २०१८ मध्ये १ कोटी ११ लाखांहून अधिक, आणि २०२५ च्या कायद्याने २०२६ पासून माणशी दीड कोटी, तेही मुदतीच्या अटीविना. आज हजार मृत्यूंमागे दोन कुटुंबांनाही हा कर भरावा लागत नाही. ज्यांना निरसन मिळाले नाही त्यांना जवळजवळ सगळेच मिळाले.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते आणि तुझ्या प्रकरणात तिचा उल्लेखही नाही. अमेरिकेत वारसाकडे आलेल्या मालमत्तेचा संपादन खर्च, म्हणजे विक्रीवरचा नफा मोजताना वजा होणारी मूळ किंमत, मृत्यूच्या दिवशीच्या बाजारभावाने धरला जातो, म्हणून मृताच्या हयातीत वाढलेल्या किमतीवर भांडवली नफ्याचा कर कधीच बसत नाही. २००० च्या विधेयकाने कर उठवताना ही सवलत आवरून वारसावर मूळ मालकाचाच खर्च लादला होता. २०१० मध्येही ढोबळमानाने तेच लागू होते. २०१५ च्या विधेयकाने मात्र कर उठवून सवलतही ठेवली. म्हणजे नाव तेच, मागणी कितीतरी मोठी. माझे मत स्पष्ट सांगतो: या सवलतीला हात न लावता कर उठवणे हा पगारावर कर भरणाऱ्या माणसावर अन्याय आहे.

भारताशी तुलना करताना घाई करू नकोस. चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना १९५३ मध्ये आपल्याकडे इस्टेट ड्यूटी या नावाने असाच कर आला. विश्वनाथ प्रताप सिंह यांनी मार्च १९८५ पासून तो उठवला. सर्वोच्च दर ८५ टक्के असूनही उत्पन्न वीसेक कोटी रुपयांचे होते, आणि त्याच मालमत्तेवर संपत्ती करही लागत होता. त्या काळात मी एका कर सल्लागाराकडे उमेदवारी करीत होतो. सुतक फिटण्याआधी दागिन्यांच्या याद्या करायला बसलेली कुटुंबे मी पाहिली आहेत, त्यामुळे ‘मृत्यूवर कर’ या शब्दांमागची चीड मला परकी नाही. तरीही आपल्याकडे वारसाला साधारणपणे मूळ मालकाचाच खरेदी खर्च धरावा लागतो, हा फरक विसरलीस तर तुलना कोसळेल.

एक पोटप्रकरण अमेरिकेबाहेरच्यांसाठी ठेव. पुण्यात बसून अमेरिकी कंपन्यांचे शेअर घेणाऱ्या, तिथे वास्तव्य नसलेल्या परदेशी व्यक्तीला त्या शेअरवर हाच कर लागू होतो आणि तिची सूट फक्त ६०,००० डॉलर आहे. भारताचा अमेरिकेशी या करापुरता करार नाही. दीड कोटीपर्यंतच्या चढणीत या आकड्याला कोणी हात लावलेला नाही.

नवा तक्ता करताना दोन रकान्यांऐवजी चार ठेव: सूट-मर्यादा, दर, संपादन खर्चाची पद्धत आणि मुदत. तो तयार झाला की निष्कर्ष लिहिण्याआधी मला पाठव.

तुझा शुभचिंतक शिक्षक