वाचलेलं पाणी गेलं कुठे?

वाचकांचे प्रश्न : कोरड्या प्रदेशातलं पाणी

(या अंकातली उत्तरं देणाऱ्या लेखिकेने विद्यापीठाच्या विस्तार विभागात २३ वर्षं माती आणि पाणी या विषयांवर काम केलं आहे.)

प्रश्न : ताई, चार वर्षांपूर्वी सगळ्या शेतावर ठिबक बसवलं. पाणी कमी लागतं, पीकही जोमात येतं. आजूबाजूच्या बहुतेकांनी तेच केलं. तरी बोअरची पातळी दरवर्षी खाली जातेच आहे. ठिबकाने निम्मं पाणी वाचतं असं आम्हाला सांगितलं होतं. मग ते वाचलेलं पाणी गेलं कुठे?

हाच प्रश्न मला नोकरीत सगळ्यात जास्त छळायचा, आणि कितीतरी वर्षं मी त्याचं अर्धंच उत्तर देत होते. त्यामुळे आज जरा सविस्तर लिहिते.

आधी हिशोब मांडू. आकडे समजण्यापुरते मानलेले आहेत. मोकाट पाणी देत होतात तेव्हा समजा १००० भाग पाणी उपसलंत. त्यातलं ६०० पिकाने घेतलं, १०० उन्हाने उडालं आणि ३०० मुळांच्या खाली झिरपलं. या ३०० ला आपण ‘वाया गेलं’ म्हणतो. पण ते हळूहळू परत भूजलातच जात होतं. म्हणजे साठ्यातली खरी घट ७०० ची. ठिबक आल्यावर उपसा ७०० वर आला. पाणी बुडाशी आणि वेळेवर मिळू लागलं म्हणून पीक वाढलं आणि त्याने ६४० घेतलं. ३० उडालं, ३० झिरपलं. घट ६७०. मीटरवर ३०० वाचले, साठ्यात वाचले फक्त ३०. मग पाणी उरलंय म्हणून तुम्ही क्षेत्र एक दशांशाने वाढवलंत, तर उपसा होतो ७७० आणि घट ७३७. पूर्वीपेक्षा उपसा कमी आणि भूजलाची घट मात्र जास्त! हे कागदावर प्रथम मांडलं तेव्हा मी बेरीज तीनदा तपासली होती.

सगळीकडे हे असंच घडतं असं मात्र समजू नका. पाणी फार खोल असेल तर झिरपलेलं खाली पोहोचायला कित्येक वर्षं लागतात, आणि कधी ते वाटेत क्षार घेऊन खारं होऊन पोहोचतं. शिवाय कमी उपशाने वीज वाचते, खत वाहून जात नाही. ठिबक काढून टाका असं मी अजिबात म्हणणार नाही. फक्त ठिबकाकडून भूजल वाचवायची अपेक्षा ठेवायची, तर सोबत आणखी एक गोष्ट लागते.

ती कोणती, हे अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात चांगलं दिसलं. त्याचा पश्चिम भाग ओगलाला या प्रचंड भूजलसाठ्यावर अवलंबून आहे. तिथे फिरत्या तुषार यंत्रांना जमिनीलगत पाणी सोडणाऱ्या नळ्या बसवायला सरकारने अनुदान दिलं. लिसा फायफर आणि सिंथिया लिन या अर्थशास्त्रज्ञांनी विहिरींच्या उपशाच्या नोंदी तपासल्या आणि २०१४ साली निष्कर्ष मांडला : उपसा घटला नाही, उलट थोडा वाढला. बचत जास्त पाण्याच्या पिकांत आणि वाढीव भिजवणीत गेली होती.

त्याच राज्यात शेरिडन भागातल्या सुमारे ९९ चौरस मैलांतल्या शेतकऱ्यांनी वेगळी वाट धरली. २०१२ च्या राज्य कायद्याने स्थानिक पातळीवर मर्यादा ठरवायची सोय करून दिली होती. तिचा आधार घेऊन त्यांनी २०१३ पासून पाच वर्षांसाठी एकरी ५५ इंच (रानावर उभं धरलं तर इतक्या उंचीचं) पाण्याची मर्यादा मान्य केली. म्हणजे वर्षाला सरासरी ११ इंच, साधारण २८० मिलिमीटर. कुठल्या वर्षी किती वापरायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं, पाच वर्षांची बेरीज पाळायची. मला यातला हाच भाग फार शहाणपणाचा वाटतो, कारण कोरड्या मुलखात दोन वर्षं सारखी नसतात. पुढच्या एका अभ्यासात उपसा सुमारे २६ टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. कॅन्सस स्टेट विद्यापीठाने हद्दीच्या आतली आणि बाहेरची शेतं ताडून पाहिली. आतल्या मक्याचा उतारा थोडा कमी होता, पण शेतकऱ्याच्या हातात उरणारा पैसा कमी नव्हता.

हे जमलं कारण तिथे विहिरींवर मीटर आहेत, आणि कॅन्सस विद्यापीठाचा भूगर्भ सर्वेक्षण विभाग व राज्याचं जलखातं मिळून दर जानेवारीत सुमारे १४०० विहिरींची पातळी मोजतात. जानेवारीत का? तेव्हा पंप बंद असतात आणि पाणी स्थिरावलेलं असतं. एकमेकांच्या आकड्यांवर विश्वास बसल्याशिवाय कोणी आपला वाटा कमी करायला तयार होत नाही.

तुम्ही दोन नोंदी काढा. एक, दरवर्षी त्याच तारखेला, पंप निदान दोन दिवस बंद ठेवून मोजलेली पातळी. दुसरी, ठिबकाच्या आधी आणि नंतर तुमच्या सगळ्यांच्या मिळून किती एकरांत काय होतं. दुसऱ्या नोंदीतच तुमच्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर मिळेल असा माझा अंदाज आहे.

प्रश्न : विद्यापीठांचं संशोधन इंग्रजी नियतकालिकांत छापून येतं आणि तिथेच राहतं. शेतकऱ्याला त्याचा उपयोग काय? थोडं रागानेच विचारतो आहे, माफ करा.

माफी कशाला? राग रास्त आहे.

संशोधन शेतापर्यंत नेणं हे विद्यापीठाचंच काम आहे, ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेत १९१४ च्या स्मिथ-लिव्हर कायद्याने त्यासाठी विस्तार सेवा उभी राहिली, विद्यापीठाची माणसं जिल्ह्याजिल्ह्यांत बसू लागली. पण ‘नेणं’ हा शब्दच मला खटकतो. त्यात वाट एकाच दिशेची आहे.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी पाण्याच्या पाळ्यांवर १२ पानांची पुस्तिका लिहिली. तक्ते, आलेख, सगळं काटेकोर. एका शेतकरी बाईंनी ती पूर्ण वाचली आणि म्हणाल्या, “ताई, तुम्ही म्हणता सहा दिवसांनी पाणी द्या. पण माझ्या रानाची वरची पट्टी मुरमाड आणि खालची चिकण. वरची चौथ्या दिवशी सुकते, खालची आठव्या दिवशीही वाफशावर येत नाही. मी कुठल्या पट्टीला सहा दिवस धरू?” मी गिरमिट घेऊन त्यांच्यासोबत गेले. तीस सेंटिमीटरवरची माती काढली, मुठीत दाबली. वरची भुगा झाली, खालचीचा गोळा झाला आणि बोटांना ओल लागली. आमच्या प्रयोगाचा प्लॉट सपाट आणि एकसारख्या मातीचा होता, म्हणून हा प्रश्न आम्हाला पडलाच नव्हता. पुढच्या हंगामात दोन पट्ट्यांना वेगवेगळ्या पाळ्या लावून आम्ही त्यांच्याच रानात प्रयोग केला आणि नव्या आवृत्तीतून ‘सहा दिवस’ काढून टाकले. त्या जागी मुठीची परीक्षा आली.

तेव्हा तुमच्याकडे कोणी संशोधक आला तर उपयोग काय असं जरूर विचारा, पण त्याला तुमच्या रानातला असा एखादा न सुटलेला प्रश्नही द्या. चांगला संशोधक तो वहीत लिहून घेईल.

प्रश्न : वाळवंटात टेकडीवरचे दगड वेचून प्राचीन लोक पाणी मिळवत असं वाचलं. हे खरं आहे का? आम्हीही उतारावरचे दगड वेचावेत का?

खरं आहे. इस्रायलमधल्या नेगेवच्या वाळवंटात वर्षाला जेमतेम १०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तिथे नाबाती या प्राचीन अरब लोकांच्या व नंतरच्या बायझंटाइन काळात शेती होती. उतारांवर दगडांचे शेकडो ढीग आजही दिसतात. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ मायकेल इव्हेनारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस अवदात इथे तसं जुनं शेत पुन्हा उभं केलं आणि वाहणारं पाणी मोजलं. दगड काढल्यावर उघड्या पडलेल्या लोएस (वाऱ्याने आणून टाकलेल्या बारीक) मातीवर पहिल्या थेंबांनीच पापुद्रा धरतो, पाणी मुरत नाही, वाहून खालच्या बांधबंदिस्त तुकड्यात येतं. एक हेक्टर पिकवायला वरचा २० ते ३० हेक्टर उतार लागत होता. एवढ्या पाण्यावर त्यांनी बदाम आणि पिस्त्याची झाडं वाढवली.

तुमचं म्हणाल तर थांबा. हे साधतं ते पापुद्रा धरणाऱ्या मातीमुळे. रेताड मातीत पाणी मुरूनच जाईल. आणि पाऊस यापेक्षा बराच जास्त असेल तर दगड हलवल्यावर माती धुपेल. आधी ओंजळभर माती ताटलीत पसरा, झारीने पाणी शिंपडा, वाळू द्या. वर कडक पापडी धरली तर पुढचं बोलू.

प्रश्न : बोअरचं पाणी किंचित मचूळ आहे, पण पीक येतंय. काळजी करावी का?

करावी. समजा लिटरमागे एक ग्रॅम क्षार आहेत, जिभेला फारसे जाणवणारही नाहीत. हंगामात ५०० मिलिमीटर पाणी दिलंत, म्हणजे हेक्टरी ५००० घनमीटर. त्यासोबत शेतात ५ टन क्षार आले. पीक पाणी घेतं, क्षार बहुतेक मागेच ठेवतं. पावसाने किंवा मुद्दाम दिलेल्या जादा पाण्याने ते मुळांखाली ढकलले गेले नाहीत आणि निचरा नसला, तर जमीन खारवत जाते. ठिबकात ते ओल्या गोलाच्या कडेला साचतात, म्हणून हलकी सर आली तरी ठिबक चालूच ठेवा, नाहीतर कडेचं मीठ धुऊन थेट मुळांवर येतं. माती आणि पाणी दोन्ही तपासून घ्या, या हंगामातच.

प्रश्न : माझ्या मुलीला पाण्यावर संशोधन करायचंय. तिने कुठला विषय घ्यावा?

तिला ज्यात गोडी असेल तो. अमेरिकेतल्या कोलोरॅडो नदीची गोष्ट तिला सांगा. १९२२ च्या करारात त्या नदीचं वर्षाला दीड कोटी एकर-फूट (एक एकर-फूट म्हणजे एका एकरावर फूटभर उभं पाणी) पाणी वरच्या आणि खालच्या राज्यांत वाटून टाकलं. ॲरिझोना विद्यापीठात ए. ई. डग्लस हे खगोलशास्त्रज्ञ होते. सूर्यावरच्या डागांचं चक्र शोधता शोधता ते झाडांच्या खोडात दरवर्षी वाढणाऱ्या वलयांकडे वळले आणि १९३७ साली त्यांनी वलयांच्या अभ्यासाची प्रयोगशाळा काढली. कोरड्या वर्षी वलय अरुंद, ओल्या वर्षी रुंद. १९७६ साली स्टॉकटन आणि जेकोबी यांनी वलयांवरून नदीचा शेकडो वर्षांचा प्रवाह काढला. सरासरी निघाली सुमारे १ कोटी ३५ लाख एकर-फूट. करार झाला तो काळ नेमका नेहमीपेक्षा ओला होता! एका खगोलशास्त्रज्ञाच्या कुतूहलाने नदीचा खरा हिशोब हाती आला. फक्त संख्याशास्त्र तिने सोडू नये एवढं माझ्यातर्फे सांगा.

प्रश्न : तुषार सिंचन सगळीकडे सारखं पडतं का, हे साध्या उपायाने कसं बघावं?

सरळ कडांचे, एकाच मापाचे १६ रिकामे डबे घ्या आणि चार तुषारांच्या मधल्या चौकोनात सारख्या अंतरावर मांडा. एक तास पाणी सोडा. मग प्रत्येकात पट्टी उभी धरून मिलिमीटर वाचा. सगळ्यांची सरासरी काढा, सगळ्यात कमी भरलेल्या चार डब्यांची वेगळी काढा. दुसरी पहिलीच्या तीन चतुर्थांशापेक्षा कमी असेल तर आधी तोट्या साफ करा, दाब बघा, आणि वाऱ्याच्या वेळा टाळून पुन्हा मोजा. मी एका शेतात एका डब्यात ५ आणि सहा पावलांवरच्या डब्यात १४ मिलिमीटर पाहिलं आहे. पाणी बंद केल्याबरोबर मोजायला लागा, जेवून आल्यावर नको, कारण भर उन्हात उथळ डब्यातलं पाणी तेवढ्या वेळातही कमी होतं.