वाचकांचे प्रश्न : आजारी पिल्लाला शिकवावे की नाही?

प्रश्न : आमच्याकडे अडीच महिन्यांचे गावठी पिल्लू आहे, मादी, तिचे नाव चिंगी. आणल्यानंतर दहाच दिवसांत तिला पार्व्हो हा विषाणूचा आजार झाला. पहिली लसही टोचून झालेली नव्हती. पाच दिवस सलाईन लावावे लागले आणि आता घरी येऊन चार दिवस झाले आहेत. उलट्या थांबल्या आहेत, थोडेफार खाते, पण शी अजून पातळ आहे. आजारापूर्वी ती वर्तमानपत्रावर शू-शी करायला शिकली होती. आता मात्र कुठेही करते. काल देवघरासमोर केली, आज पलंगाखाली. औषधाची वेळ झाली की लपते, आणि पुढचा पाय धरला तर गुरगुरते. माझे सासरे म्हणतात की आत्ताच धाक लावला नाही तर ती कायमची बिघडेल. केलेल्या घाणीत नाक घासले की बरोबर समजते. मला तिची दया येते, पण सवय मोडेल याचीही भीती वाटते. शिकवणे चालू ठेवावे का, आणि ठेवले तर कसे?
एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : पाच दिवस सलाईनवर काढून चिंगी घरी आली, म्हणजे सर्वांत अवघड टप्पा तुम्ही आणि तुमच्या डॉक्टरांनी पार पाडला आहे. प्रश्नाचे थेट उत्तर आधी देतो. नाक घासू नका, ओरडू नका, आणि ‘बस’, ‘थांब’ यांसारख्या आज्ञा शिकवणे आणखी आठवडाभर बाजूला ठेवा. मात्र तुम्ही शिकवणे थांबवले म्हणून तिचे शिकणे थांबत नाही. माणसाचा हात जवळ आला की पुढे काय होते, हे आजारी पिल्लू दिवसभर शिकत असते, आणि या वयात पक्का झालेला तो धडा पुढे अनेक वर्षे टिकतो.

पार्व्होचा विषाणू वेगाने वाढणाऱ्या पेशींवर हल्ला करतो. अशा पेशी आतड्याच्या अस्तरात आणि हाडांच्या मज्जेत भरपूर असतात, म्हणून रक्ताचे जुलाब होतात आणि रक्तातील पांढऱ्या पेशी घटतात. उलट्या थांबून पिल्लू चालू-फिरू लागले तरी आतड्याचे अस्तर पूर्ववत व्हायला आणखी काही दिवस लागतात, आणि तोपर्यंत शी लागल्याचे कळणे आणि शी होऊन जाणे यांत कागदापर्यंत पोहोचण्याइतकाही वेळ तिला मिळत नाही. पिल्लाच्या वयाच्या महिन्यांत एक मिळवला की साधारण तितके तासच ते लघवी धरू शकते, असा एक ढोबळ हिशेब आहे. म्हणजे चिंगीच्या वयाच्या धडधाकट पिल्लालाही तीन-साडेतीन तासांपलीकडे धरवत नाही. चिंगी शिकलेले विसरलेली नाही. तिचे पोट तिला साथ देत नाही.

नाक घासण्याने पिल्लू काय शिकते, हे माझ्याकडे येणाऱ्या घरांत मी अनेकदा पाहिले आहे. माणसांच्या समोर शी करणे धोक्याचे आहे, एवढेच ते शिकते, आणि मग आडोसा शोधते. पलंगाखाली शी होऊ लागली आहे, असे तुम्ही लिहिले आहे. घरात कोणी तिच्यावर एकदोनदा ओरडले असेल, तर त्याचे कारण तिथेही असू शकते. तुमच्या सासऱ्यांचा अनुभव मी खोटा म्हणत नाही. त्यांच्या लहानपणी पिल्ले अंगणात वाढत, घरातल्या फरशीचा प्रश्नच नसे, आणि हा आजारही तेव्हा नव्हता. कुत्र्यांमधला पार्व्हो पहिल्यांदा ओळखला गेला तो १९७८ साली. त्यांना शक्य असेल तर पहाटे चिंगीला उचलून कागदावर नेण्याचे काम त्यांच्याकडे द्या. वेळ चोख पाळणाऱ्या माणसाकडून पिल्लू फार लवकर शिकते.

आता जागेविषयी. चिंगीला घरभर फिरू देऊ नका. एका खोलीचा कोपरा आडव्या फळीने अडवा, अर्ध्या भागात तिचे अंथरूण आणि अर्ध्या भागात कागद घाला. झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यानंतर दहा-पंधरा मिनिटांनी, आणि एरवी जागी असताना दर तासाला तिला उचलून कागदावर ठेवा. कागदावर झाले तर हलक्या आवाजात शाबासकी द्या आणि हरभऱ्याएवढा उकडलेल्या चिकनचा तुकडा लगेच तोंडापाशी धरा. हा तुकडा तिच्या रोजच्या खाण्यातूनच बाजूला काढलेला असावा, वरचा नव्हे. बिस्किटे, चीज आणि दूध सध्या पूर्ण बंद. नाजूक झालेल्या आतड्याला दूध पचत नाही आणि जुलाब पुन्हा सुरू होतात. डॉक्टरांनी वेगळा आहार सांगितलेला नसेल, तर बिनमिठाचे, बिनमसाल्याचे उकडलेले चिकन आणि मऊ भात दिवसातून पाच-सहा वेळा थोडा थोडा द्यावा. कागदाबाहेर झाले तर काहीही न बोलता पुसून घ्यावे.

एक साधी वही करा. तिच्यात खाल्ल्याची वेळ, शी झाल्याची वेळ, ती पाण्यासारखी की घट्ट, आणि पिल्लू त्या आधी काय करत होते, हे लिहून ठेवा. तीन दिवसांच्या नोंदी शेजारीशेजारी ठेवल्या की जेवणानंतर किती मिनिटांनी तिला न्यायचे हे तुम्हालाच दिसेल, आणि तीच वही डॉक्टरांपुढे ठेवली की पोट सुधारते आहे की नाही हे त्यांना तुमच्या आठवणीपेक्षा जास्त नेमके कळेल.

तुमच्या पत्रात मला सर्वांत महत्त्वाचे वाटले ते गुरगुरणे. पुढच्या पायाला सलाईनची सुई पाच दिवस होती. तिथले केस काढलेला चौकोन अजून दिसत असेल आणि तिथे हात लागला तर दुखतही असेल. गुरगुरणे ही तिने दिलेली पूर्वसूचना आहे. ती मार देऊन बंद केली, तर पुढे पिल्लू सूचना न देता चावते. म्हणून तो पाय सध्या धरूच नका. दिवसातून तीन-चार वेळा, प्रत्येक वेळी मिनिटभरच, तिच्याशेजारी जमिनीवर बसा. खांद्यावर हात ठेवा आणि चिकनचा बारीक तुकडा द्या. हात काढला की खाऊही थांबवा. ती निवांत असेल तरच दुसऱ्या दिवशी हात कोपरापर्यंत न्या, तिसऱ्या दिवशी त्याखाली. तिने अंग आखडले, जिभेने ओठ चाटले किंवा मान वळवली, तर तुम्ही घाई केली असे समजून एक पाऊल मागे या. आठ-दहा दिवसांत ती पाय आपणहून हातात देऊ लागली, तर पुढच्या लसीच्या वेळी आणि आयुष्यभर नखे कापताना तुम्हाला त्याचा उपयोग होईल.

औषधासाठी तिला नाव घेऊन कधीही बोलावू नका. ‘चिंगी, ये’ म्हटल्यावर कडू औषध तोंडात जाते हे तिला चार-पाच वेळा अनुभवाला आले, की हाक ऐकून ती पळू लागेल, आणि उद्या रस्त्यावर पट्टा निसटला तर तीच हाक तुमच्या हातची गेलेली असेल. औषध द्यायचे असेल तेव्हा तुम्ही तिच्याकडे जा. हाक मारायची ती फक्त जेवणासाठी आणि लाडासाठी. पातळ औषध बिनसुईच्या सिरिंजने द्यायचे असेल तर तोंड वर करून घशात पिचकारी मारू नये, कारण ते श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. गालाच्या कडेने, दातांच्या फटीत, थोडे थोडे सोडावे. दरम्यान त्याच सिरिंजने दिवसातून तीन-चार वेळा चिकन उकडलेले बिनमिठाचे कोमट पाणी पाजा, म्हणजे सिरिंज दिसली की लपण्याचे कारण उरणार नाही. जुलाबांसाठी मेट्रोनिडॅझोलची गोळी दिली असेल तर ती अतिशय कडू असते. कुटून दिली की पिल्लाच्या तोंडाला फेस येतो आणि पुढच्या वेळी ते जबडा घट्ट मिटते. तिच्या वजनाला लागणारा तुकडा न कुटता चिकनमध्ये लपवावा, आणि साधा घास, औषधाचा घास, पुन्हा साधा घास अशा क्रमाने भरभर द्यावा.

शी सलग दोन दिवस घट्ट झाली, ती आपणहून खाऊ लागली आणि खेळायला मागू लागली, की आज्ञा शिकवायला हरकत नाही. सुरुवात नावापासून करा: नाव घेतले, तिने पाहिले, तुकडा दिला, एका वेळी तीन-चारदाच. उड्या आणि दमवणारे खेळ आणखी आठवडाभर नकोत.

चिंगीच्या शीतून विषाणू आजारानंतरही साधारण दोन आठवडे, कधी त्याहूनही जास्त दिवस बाहेर पडतो. त्यामुळे सध्या तिला मैदानावर किंवा दुसऱ्या पिल्लांजवळ नेऊ नका. फिनाईलने हा विषाणू खात्रीने मरत नाही. फरशी साबणाने धुऊन, एक भाग द्रव ब्लीच आणि तीस भाग पाणी असे मिश्रण दहा मिनिटे राहू द्यावे आणि मग स्वच्छ पाण्याने पुसावे. ब्लीचमध्ये फिनाईल किंवा ॲसिड मुळीच मिसळू नये, आणि फरशी वाळेपर्यंत चिंगीला दूर ठेवावे. अंगणातील मातीत विषाणू वर्षभरही टिकू शकतो, म्हणून तोवर लस पूर्ण न झालेले दुसरे पिल्लू घरात आणू नका.

पुन्हा उलट्या सुरू झाल्या, शीत रक्त दिसले, हिरड्या पांढुरक्या पडल्या, किंवा तिने सलग दोन वेळा खाणे नाकारले, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा. पिल्लाचे तापमान साधारण १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते; त्याहून बरेच वर गेले किंवा अंग थंड लागले तरी हेच करा. माणसांचे पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन तिला कधीही देऊ नये.

प्रश्न : आमच्या साडेतीन महिन्यांच्या लॅब्रॅडॉर पिल्लाला गोचिडांमुळे होणारा ताप झाला. प्लेटलेट्स कमी आहेत आणि महिनाभर डॉक्सीसायक्लिन चालू राहील. प्रशिक्षण वर्गाचे पैसे भरलेले आहेत. घरात बसून तो हातांना आणि पायजम्याला चावत सुटला आहे. वर्गाला न्यावे का?
एक वाचक, ठाणे

उत्तर : प्लेटलेट्स पूर्ववत झाल्याचे डॉक्टरांनी रक्त तपासून सांगेपर्यंत नेऊ नये. प्लेटलेट्स कमी असताना दुसऱ्या पिल्लाशी झालेल्या साध्या झटापटीतूनही अंगात रक्त साकळू शकते. वर्गचालकांना डॉक्टरांची चिठ्ठी दाखवून पुढच्या तुकडीत नाव घालण्याची विनंती करावी.

चावण्याचे कारण बहुधा साठलेली ऊर्जा आणि दात बदलण्याचे वय हेच आहे. हाडे आणि जाड दोरखंड सध्या देऊ नका, हिरड्यांतून रक्त येऊ शकते. पाण्यात भिजवून फ्रीजमध्ये थंड केलेले मऊ फडके चालेल. धावण्याऐवजी त्याच्या नाकाला काम द्या. त्याच्या जेवणातील अर्धे दाणे जुन्या टॉवेलमध्ये पसरून टॉवेल सैल गुंडाळा आणि ते शोधायला लावा. दहा मिनिटांच्या या शोधाने पिल्लू चांगले दमते आणि झोपते. हाताला चावला तर हात झटकू नका, कारण झटकणे त्याला खेळ वाटतो. हात सैल सोडा, उठून अर्धा मिनिट खोलीबाहेर जा, मग काहीच घडले नाही अशा रीतीने परत या. हे घरातील सर्वांनी, मुलांनीही, एकाच पद्धतीने करावे लागते.

डॉक्सीसायक्लिन खाण्याबरोबर द्यावे, पण दूध किंवा दह्याबरोबर नाही, आणि वर थोडे पाणी अवश्य पाजावे. पंधराव्या दिवशी तो घरभर उड्या मारू लागला तरी गोळ्या पूर्ण करा, आणि तोपर्यंत रोज संध्याकाळी कानांच्या आत, बोटांच्या बेचक्यांत आणि गळपट्ट्याखाली गोचीड शोधण्याचा पाच मिनिटांचा पाठ त्याच्याकडून करून घ्या, प्रत्येक पंजामागे एक दाणा देऊन.